पहिल्या डावाचे प्राध्यापक

2025 च्या फेब्रुवारीत गहुंजेच्या मैदानावर रणजी करंडकाचा उपांत्यपूर्व सामना झाला. केरळ विरुद्ध जम्मू-काश्मीर. दोन्ही संघ बाहेरचे, म्हणून आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत त्याला जागा कमीच मिळाली. जम्मू-काश्मीरने पहिल्या डावात 280 धावा केल्या. केरळचा डाव 9 बाद 200 वर आला, तेव्हा निकाल लागल्यातच जमा होता. पण सलमान निझार आणि बासिल थंपी ही शेवटची जोडी खेळपट्टीला चिकटली. दोघांनी 81 धावा जोडल्या आणि केरळ 281 वर थांबला. आघाडी एका धावेची. पुढे पाचव्या दिवसापर्यंत झुंज चालली, सामना अनिर्णित राहिला आणि त्या एका धावेवर केरळ उपांत्य फेरीत गेला.

रणजी करंडकाच्या बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ पुढे जातो. हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो, पण तो ठाऊक असणं वेगळं आणि सगळा खेळ त्याच्याभोवती उभा करणं वेगळं. आपल्या महाराष्ट्राच्या संघाने हे दुसरं काम फार लवकर केलं. ते करून घेणारे होते पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातले संस्कृतचे प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर. 24 ऑगस्ट 1993 ला, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी ते गेले. त्यांना जाऊन तीन दशकं उलटली. त्यांच्या नावाचा करंडक लोकांना आठवतो, पण त्या माणसाने खेळाला काय दिलं हे आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये, जिथे आज गल्लोगल्ली क्रिकेटच्या अकादम्या आहेत, क्वचितच कुणी सांगताना ऐकू येतं. म्हणून हा लेख.

खेळ बदलण्यासाठी दर वेळी नवा नियम लागतोच असं नाही. कधी कधी जुन्या नियमाकडे नीट बघणारा एखादा माणूस पुरतो. अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलमध्ये 1906 साली चेंडू हाताने पुढे फेकायला परवानगी मिळाली. त्याआधीच्या हंगामात मैदानावर मुलं मेली होती आणि खेळातली धसमुसळी कमी करावी असा दबाव होता. पण परवानगी मिळूनही बहुतेक संघ अंगावर अंग टाकून खेळण्याच्या जुन्याच रीतीला धरून राहिले. 1913 च्या उन्हाळ्यात नोत्र दाम महाविद्यालयाचे दोन खेळाडू, गस डोराइस आणि नूट रॉकनी, ईरी सरोवराच्या काठी जीवरक्षकाचं काम करत होते. डोराइस हा संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन प्रत्येक चाल सुरू करणारा गडी. मोकळ्या वेळात तो वाळूवरून चेंडू फेकायचा आणि रॉकनी पळत जाऊन तो झेलायचा. त्या नोव्हेंबरात लष्करी अकादमीच्या बलाढ्य संघाविरुद्ध डोराइसने 17 पैकी 14 फेकी बिनचूक पोचवल्या आणि नोत्र दामने सामना 35-13 असा जिंकला. सात वर्षं कागदावर पडून असलेल्या नियमाची ताकद त्या दुपारी देशाला कळली.

देवधरांचं काम मला त्याच जातीचं वाटतं. फरक इतकाच, की डोराइसने हे विशीत केलं आणि देवधरांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर.

त्यांचा जन्म पुण्यातला, 14 जानेवारी 1892 चा. 1911 मध्ये ते पहिल्यांदा प्रथम श्रेणीचा सामना खेळले. मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाकडून खेळताना पाळवणकर बंधू त्यांचे सहकारी होते. वर्ग सांभाळायचा, कालिदास-भवभूती शिकवायचे आणि मैदानावरही उभं राहायचं, असं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. 1926 च्या डिसेंबरात आर्थर गिलिगन यांचा इंग्लंडचा एमसीसी संघ मुंबईत होता. आधी सी. के. नायडूंनी हिंदू संघाकडून 153 धावांची ती षटकारांची आतषबाजी केली. त्यानंतर अखिल भारतीय संघाकडून देवधरांनी 148 धावा केल्या आणि भारताने पाहुण्यांच्या पहिल्या डावावर आघाडी घेतली. इथल्या लोकांना स्वतःचं क्रिकेट मंडळ हवं आणि त्यांची तेवढी लायकी आहे, हे गिलिगन यांच्या मनात या दौऱ्यात पक्कं झालं. दोन वर्षांनी, 1928 मध्ये, भारतीय क्रिकेट नियामक मंडळ उभं राहिलं. नायडूंच्या षटकारांची गोष्ट घराघरात सांगितली जाते, ते योग्यच आहे. पण त्या दौऱ्यातली दुसरी मोठी खेळी पुण्याच्या एका प्राध्यापकाची होती, ही गोष्टही त्याच दमात सांगायला हवी.

मग 1932 साल उजाडलं. भारत पहिली कसोटी खेळायला लॉर्ड्सवर गेला. देवधर तेव्हा चाळीस वर्षांचे होते आणि संघात नव्हते. पुढेही ते कधी कसोटी खेळले नाहीत. चाळीशीत बाजूला सारलेल्या त्या माणसाने त्यानंतर चौदा वर्षं खेळून जे केलं, ते बघितलं की तो निर्णय आजही मनाला लागतो.

1934 मध्ये रणजी करंडक सुरू झाला. मुंबईकडे जिमखाने होते, पैसा होता, विजय मर्चंट होते. बडोदा, नवानगर यांच्या पाठीशी संस्थानं होती. महाराष्ट्राच्या संघाकडे शाळा-महाविद्यालयांत शिकलेली, शिकवणारी, कारकुनी करणारी मुलं होती आणि कर्णधार म्हणून देवधर होते. वेगवान गोलंदाजांची फौज नव्हती. घरची खेळपट्टी फलंदाजाला साथ देणारी, गोलंदाजाला घाम फोडणारी. अशा संघाने सामना जिंकायचा कसा? वीस बळी घेणं अवघड होतं. पण पहिल्या डावात समोरच्यापेक्षा जास्त धावा करणं आणि त्यासाठी हवा तेवढा वेळ खेळपट्टीवर राहणं हातात होतं. देवधरांच्या संघाने 1939-40 आणि 1940-41 या दोन हंगामांत हेच इतक्या सातत्याने केलं, की तो योगायोग होता असं मला कधीच वाटलेलं नाही.

1939-40 च्या हंगामात पुण्यात बडोद्याविरुद्ध सांगलीच्या विजय हजारेंनी नाबाद 316 धावा केल्या. रणजी करंडकातलं ते पहिलं त्रिशतक. त्या डावात माझ्या मते त्रिशतकाहून मोठी एक गोष्ट घडली. नवव्या विकेटसाठी हजारे आणि नगरवाला यांनी 245 धावांची भागीदारी केली. नगरवाला 98 वर बाद झाले आणि संघाने 9 बाद 650 वर डाव घोषित केला. आठ गडी बाद झाल्यावर कुठलाही संघ मनाने तंबूत परतलेला असतो. इथे त्यानंतर एक अख्खा डाव उभा राहिला. तळाच्या फलंदाजानेही आपली विकेट जपायची असते, हे त्या संघात खालपर्यंत मुरलेलं होतं. त्या वर्षी अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताला दहा गड्यांनी हरवून महाराष्ट्राने पहिल्यांदा करंडक जिंकला.

पुढच्या हंगामात पुण्यात मुंबईविरुद्धचा सामना झाला, आणि देवधरांचं क्रिकेट समजून घ्यायचं तर तोच डोळ्यांसमोर आणावा. महाराष्ट्राने 675 धावा केल्या. देवधरांच्या स्वतःच्या 246. रंगा सोहोनी नाबाद 218. सोहोनी संघासाठी नवा चेंडू टाकणारे गोलंदाज, पण देवधरांच्या संघात गोलंदाजानेही द्विशतक ठोकावं यात कुणाला नवल वाटत नसे. मग मुंबई खेळायला आली. मुंबई काही हार मानणाऱ्यांतली नव्हे. खंडू रांगणेकरांनी 202 धावा केल्या आणि मुंबई एकेक पायरी चढत 650 पर्यंत पोचली. म्हणजे तेराशेपेक्षा जास्त धावा झाल्यावर दोन्ही संघांत फरक होता फक्त 25 धावांचा. त्या 25 धावांवर महाराष्ट्र पुढे गेला.

एवढा वेळ क्षेत्ररक्षण करणं म्हणजे काय, हे बाहेरून कळत नाही. यष्टिरक्षक दीड दिवस दर चेंडूला वाकून उभा राहतो. मांड्या भरून येतात, ग्लोव्ह्जच्या आत बोटं सुजतात. कर्णधार सकाळी तीन स्लिप लावून सुरुवात करतो. जेवणापर्यंत त्यातली एक उरते आणि चहापानानंतर तीही डीप कव्हरला जाते. गोलंदाजाचा तिसरा स्पेल असतो, पाय क्रीझवर नीट पडत नाही आणि ज्या फलंदाजाला सकाळी दोनदा बीट केलं तो आता फ्रंटफूटवर पुढे येऊन खेळतोय. कुणी पाणी मागवतं, कुणी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधतं, तेवढाच विसावा. आणि अखेर डाव संपतो तेव्हा दिवसाचा खेळ संपायला वीसच मिनिटं उरलेली असतात. दिवसभर उन्हात पळून आलेल्या दोन सलामीवीरांनी पॅड बांधून खेळायला जायचं. त्या वीस मिनिटांत पडलेली एक विकेट सबंध सामन्याचा तोल बदलते. धावफलकावरचे सहाशे-सातशे हे समोरच्या संघाच्या पायांत उतरतात. लांब डाव खेळणारा कर्णधार यासाठीच खेळत असतो.

त्याच हंगामात उत्तर भारताविरुद्ध पुण्यातच महाराष्ट्राने 798 धावा केल्या आणि अंतिम सामन्यात मद्रासला मद्रासमध्ये जाऊन सहा गड्यांनी हरवलं. सलग दुसरा करंडक. महाविद्यालयातल्या प्राध्यापकाने नेतृत्व केलेला, राजा-महाराजांचा आश्रय नसलेला एक संघ दोन वर्षं देशात सर्वश्रेष्ठ होता.

याची दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर ही श्रद्धांजली खोटी ठरेल. धावांच्या या डोंगरांखाली गोलंदाज चिरडले गेले. पुण्यातली खेळपट्टी तशीच राहिली, कर्णधारांची वृत्तीही तशीच राहिली आणि देवधर निवृत्त झाल्यावर ती टोकाला गेली. 1948-49 मध्ये मुंबई आणि महाराष्ट्र यांच्या उपांत्य सामन्यात मिळून 2376 धावा झाल्या. त्या सामन्यात गोलंदाजी केलेल्यांची मला मनापासून कणव येते. त्याच हंगामात पुण्यातच काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद 443 धावा केल्या. डॉन ब्रॅडमन यांचा 452 चा विक्रम अवघ्या नऊ धावा पुढे होता, पण काठियावाडचा संघ सामना सोडून निघून गेला. निंबाळकरांचं ते शल्य महाराष्ट्र अजून विसरलेला नाही, विसरूही नये. मात्र आपले फलंदाज परदेशात उसळत्या चेंडूवर का अडखळले, याचं एक उत्तर अशा पाटा खेळपट्ट्यांतही आहे. देवधरांनी हातात होतं त्या साहित्यातून जिंकण्याची वाट काढली. पुढच्यांनी ती वाट रुंद करण्याऐवजी तिच्यावरच मुक्काम ठोकला, हा दोष मी देवधरांच्या माथी मारणार नाही.

कारण ते स्वतः कधी एका जागी थांबले नाहीत. 1944 मध्ये नवानगरविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतकं केली, 105 आणि 141. तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. गंमत बघा, या दोन डावांची बेरीज 246 होते, म्हणजे त्यांच्या सर्वोच्च खेळीइतकीच. बावन्नाव्या वर्षी माणूस पेन्शनचा हिशेब मांडायला लागतो. त्या वयात एका सामन्यात दोनदा शंभरी गाठणं म्हणजे दोन-तीन दिवस पॅड बांधून पळायचं, मध्ये क्षेत्ररक्षण करायचं आणि दुसऱ्यांदा पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची. आमच्याकडे पस्तिशीतला मुलगा कंपनीच्या संघातून बाहेर पडताना म्हणतो, ‘आता वय झालं.’ त्याला मी हे दोन आकडे ऐकवतो.

1946 मध्ये ते थांबले. पहिल्या महायुद्धाच्या आधी खेळायला लागलेला फलंदाज दुसरं महायुद्ध संपल्यावर निवृत्त झाला. प्रथम श्रेणीच्या 81 सामन्यांत त्यांच्या साडेचार हजारांवर धावा आणि नऊ शतकं आहेत. त्यानंतर त्यांनी महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचं अध्यक्षपद सांभाळलं, राष्ट्रीय निवड समितीवर काम केलं. घरातही खेळ होताच. त्यांच्या मुली तारा, सुंदर आणि सुमन यांनी 1940 च्या दशकात राष्ट्रीय बॅडमिंटन गाजवलं. ज्या काळात मुलींनी मैदानावर जाणं हाच वादाचा विषय होता, त्या काळात एका घरातल्या तीन बहिणी देशपातळीवर विजेतेपदं मिळवत होत्या. देवधरांचा खेळावर काय प्रभाव पडला हे मोजताना मी हेही मोजतो.

1973-74 मध्ये विभागीय संघांसाठी मर्यादित षटकांची स्पर्धा सुरू झाली आणि तिला त्यांचं नाव दिलं गेलं. 1965 मध्ये पद्मश्री मिळाली होती, 1991 मध्ये पद्मभूषण आलं. तेव्हा ते नव्व्याण्णव वर्षांचे होते.

आता आपल्या भागाकडे येतो. देवधर खेळत होते तेव्हा पिंपरी-चिंचवड म्हणजे मोरया गोसावींचं चिंचवड आणि आजूबाजूची शेतीची गावं. चाकण हे किल्ल्याचं आणि कांद्याच्या बाजाराचं गाव. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग टेल्को आली, एमआयडीसी फोफावली. कारखान्यांबरोबर कंपन्यांच्या स्पर्धाही आल्या. गुरुवारची सुट्टी ही या पट्ट्याची क्रिकेटची सुट्टी. भोसरी असो की चाकण, मोकळं मैदान दिसलं की टेनिस बॉलचे आठ-दहा षटकांचे सामने चालू असतात. थर्ड शिफ्ट करून आलेला पोरगा थेट मैदानावर येतो, चार षटकार मारतो आणि मग झोपायला घरी जातो. मला हे क्रिकेट प्रिय आहे. हात-डोळा इथे तयार होतो, मन मोकळं होतं. पण आठ षटकांत विकेटची किंमत शिकता येत नाही. ती शिकायला तास लागतात.

थेरगावच्या वेंगसरकर अकादमीने ती जागा या शहराला दिली. जुन्या सांगवीचा ऋतुराज गायकवाड तिथेच घडला. 2022 च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशविरुद्ध त्याने एका षटकात सात षटकार मारले, ते सगळ्यांनी मोबाईलवर पाहिले. एक चेंडू नोबॉल होता, म्हणून सहाचे सात झाले, आणि त्या षटकात 43 धावा निघाल्या. त्या खेळीतल्या बाकीच्या धावांकडे फारसं कुणी पाहिलं नाही. तो सलामीला आला, नाबाद 220 वर परतला आणि सात षटकारांचं ते षटक डावाच्या शेवटाकडे आलं. आधीचा सगळा वेळ तो विकेट सांभाळून डाव रचत होता. स्पर्धा होती विजय हजारे करंडकाची. ज्या हजारेंनी देवधरांच्या संघातून त्रिशतक केलं आणि पुढे भारताला पहिला कसोटी विजय मिळवून दिला, त्यांच्या नावाची. सांगवीच्या मुलाच्या त्या डावातलं ते एक षटक आजचं टी-ट्वेंटी होतं. त्याआधीचं बरंचसं जुन्या महाराष्ट्राचं होतं.

गहुंजेच्या मैदानाने उलटंही दाखवलं आहे. 2017 च्या फेब्रुवारीत तिथल्या पहिल्याच कसोटीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताचे डाव 105 आणि 107 वर गडगडले. फिरकीचा तो आखाडा वेगळा, गोलंदाज वेगळे, काळ वेगळा, हे सगळं मान्य. तरी दोन्ही डावांत मिळून अकराजणांच्या धावा 212 झाल्या आणि देवधरांनी बावन्नाव्या वर्षी एका सामन्यात एकट्याने 246 केल्या होत्या, हे त्या संध्याकाळी माझ्या डोक्यातून जाईना. 2019 मध्ये त्याच मैदानावर विराट कोहलीने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद 254 केल्या, तेव्हा मात्र प्रेक्षकांत बसलेल्या कुणा म्हाताऱ्या पुणेकराला देवधरांची आठवण आलीच असणार.

माझं मागणं साधं आहे. या पट्ट्यातल्या अकादम्यांनी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना महिन्यातून एकदा तरी दोन दिवसांचा सामना खेळायला द्यावा, आणि त्यात दहाव्या-अकराव्या क्रमांकाच्या मुलालाही नेटमध्ये पहिल्या फलंदाजाइतकाच वेळ द्यावा. सलमान निझारबरोबर उभा राहिलेला थंपी मूळचा वेगवान गोलंदाज आहे. हजारेंबरोबर 245 ची भागीदारी करणारे नगरवाला तळाला आले होते. जिंकणाऱ्या संघांचं काम अनेकदा इथेच होतं. पालक षटकारांचे व्हिडिओ काढतात, काढू देत. त्यांनी स्कोअरबुकात आपला मुलगा किती चेंडू खेळला तो रकानाही बघावा.

1940-41 नंतर महाराष्ट्राला रणजी करंडक पुन्हा मिळालेला नाही. 1970-71 मध्ये चंदू बोर्डे यांच्या नेतृत्वाखाली संघ अंतिम फेरीत गेला आणि मुंबईकडून हरला. 1992-93 मध्ये पंजाबने हरवलं. देवधर तेव्हा हयात होते, आणि काही महिन्यांनी ते गेले. 2013-14 मध्ये कर्नाटकने हरवलं. दोन्ही करंडक देवधरांच्या कर्णधारपदाखालचे आहेत. तिसरा आणण्याची पाळी आता सांगवी, थेरगाव, निगडी, चाकणच्या मुलांची आहे. त्यांनी तो आणावा, आणि पहिल्या डावाच्या एका धावेच्या आघाडीवर आणला तरी आम्ही तितकेच नाचू.